दुधात उतरलेला दुष्काळ

२०१२च्या उन्हाळ्यात सर्बियात प्रचंड उष्मा होता, सोबत दुष्काळ. पाण्यावाचून ताणलेल्या मक्याच्या कणसांत ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी शिरली. तिचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. त्या भागात ते पूर्वी क्वचितच आढळे. तो मका गाईंनी खाल्ला आणि २०१३मध्ये विषाचा अंश थेट दुधात सापडला! हवामान तापतंय, तसा या बुरशीचा मुलूख पसरतोय, ही खरी काळजी. आपल्याकडे भुईमुगाच्या शेंगा भरताना पाऊस दडी मारतो, तेव्हाही हाच धोका असतो. या विषामुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो आणि शिजवूनही ते पुरतं जात नाही. म्हणून शेंगा खडखडीत वाळवूनच साठवा. बुरसलेले, सुरकुतलेले दाणे निवडून टाका; जनावरांनाही घालू नका.