बोट लागली की बोट फुटली?



नोकरी कशी मिळवावी, या विषयावर व्याख्याने पुष्कळ होतात. मिळालेली नोकरी चौथ्याच दिवशी नकोशी झाली तर काय करावे, यावर मात्र कोणी बोलत नाही. पेढे वाटून झालेले असतात, देवळात नारळ फुटलेला असतो, आणि घरातले माणूस रात्री अंथरुणावर पडून आढ्याकडे पाहत असते. त्या माणसासाठी आजचे हे चार शब्द आहेत.

करावे गावात हा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्याला कारण आहे. या पट्टीतल्या जुन्या माणसांनी भातशेती केली, मिठागरे राखली, खाडीत जाळी टाकली. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. शेतकऱ्याचे एक पीक बुडाले तरी पुढच्या मृगाकडे डोळे लावता येतात. जमीनच गेली तेव्हा घरोघर नोकरी हाच सातबारा झाला. मग हातात आलेला सातबारा टाकून मुलगा घरी परतला, तर आईबापांच्या पोटात गोळा यावा यात नवल नाही. त्यांची भीती खोटी नाही, हे प्रथमच सांगून ठेवतो.

पण मुलाची तगमग तरी खोटी कशी म्हणावी? येथे आम्हांला आपल्याच समुद्राची भाषा उपयोगी पडते. नव्या माणसाला बोट लागते. डोके फिरते, अन्नावरची वासना जाते, किनारा दिसेल तिथे उडी टाकावीशी वाटते. बहुधा दोन-तीन दिवसांत शरीर सरावते आणि तोच माणूस डेकवर उभा राहून जेवू लागतो. बोट फुटणे ही गोष्ट निराळी. फळीतून पाणी येत असेल, तर दोन दिवस थांबल्याने ते कमी होत नाही, वाढते. नव्या नोकरीचा पश्चात्ताप झालेल्या माणसाने स्वतःला एवढेच विचारावे : आपल्याला बोट लागली आहे, की बोट फुटली आहे?

दोन्ही गोष्टी आमच्या वाट्याला आल्या आहेत. तरुणपणी एका कचेरीत आम्ही हिशेबनीस म्हणून लागलो. सगळी माणसे परकी, खतावणीची पद्धत निराळी, जेवणाच्या सुट्टीत कोणी हाक मारीना. तिसऱ्या दिवशी आम्ही राजीनाम्याचा कागद लिहून खिशात ठेवला. वडिलांना सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून तो खिशातच राहिला. महिन्याभराने धोब्याकडे कपडे देताना तो सापडला, तेव्हा तो आपण का लिहिला होता हे आम्हांला नीट आठवेना. ती बोट लागलेली होती.

दुसऱ्या एका ठिकाणी आठव्या दिवशी आमच्यापुढे हजेरीपट आला. त्यात कामावर नसलेल्या मजुरांची नावे होती आणि खाली सही आमची हवी होती. ‘येथे असेच चालते,’ असे आम्हांला प्रेमाने सांगण्यात आले. नवव्या दिवशी आम्ही राजीनामा दिला. पुढचे चार महिने हाताला काम नव्हते. घरातले बोलणे तुटक झाले. तो काळ फार सुखाचा गेला असे आम्ही सांगणार नाही. पण त्या सहीची आठवण घेऊन जगावे लागले नाही, एवढी जमेची बाजू आहे.

बोट फुटल्याचे याहून फार मोठे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक असले पाहिजे. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकले होते आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. हुद्दा महाराजांच्या लष्करी सचिवाचा. पण कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून टाकीत, आणि शहरात त्यांना राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रांतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेली. दोन मित्रांकडे आसरा मिळतो का पाहिले, तोही मिळाला नाही. कमाटी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. आता सांगा, ते आणखी सहा महिने थांबले असते तर काय सरावले असते? कामाचे कौशल्य वाढल्याने शिवाशिव कमी होत नाही. पुढच्याच वर्षी, 1918 मध्ये, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

यावरून आम्ही एक कसोटी काढली आहे. जे दुःख आपल्या शिकण्याने, ओळखीने, सवयीने घटणारे आहे, त्याला मुदत द्यावी. लांबचा प्रवास, नवे यंत्र, तिरसट सहकारी, आधीच्या नोकरीची सय, ही सारी पहिल्या जातीची. जेथे खोटे करायला लावतात, जिवाला धोका आहे, पगार ठरल्याप्रमाणे देत नाहीत, सांगितले एक आणि काम भलतेच, किंवा माणसाची अप्रतिष्ठा हाच रिवाज आहे, तेथे मुदत कशाची द्यायची?

मुदत द्यायची ती मात्र तारीख घालून द्यावी. ‘बघू पुढे’ म्हणणारा माणूस वीस वर्षे बघतच राहतो. दिनदर्शिकेवर तीन महिन्यांनंतरचा एक दिवस नोंदवावा आणि आज काय खुपते ते कागदावर लिहून ठेवावे. त्या दिवशी कागद काढून पाहावा. यादी आखडली असेल तर राहावे. जशीच्या तशी असेल तर निघावे.

आपल्या करावे गावात 1993 पासून ‘चाणक्य’ ही नौवहनाची प्रशिक्षणसंस्था आहे. 1927 च्या ‘डफरिन’ आणि 1972 च्या ‘राजेंद्र’ या शिक्षणनौकांची ती वारस. बोटीवरून वाटेल तेव्हा उतरता येत नाही, असे आपण समजतो. पण 2006 सालचा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार काय म्हणतो? नोकरी मुदतीआधी सोडण्याची पूर्वसूचना किमान सात दिवसांची असावी, आणि तातडीचे वा कौटुंबिक संकटाचे कारण असेल तर त्याहून कमी मुदतीतही, दंडाविना, खलाशाला मोकळे होता यावे. भारताने 2015 मध्ये हा करार स्वीकारला. भर समुद्रात ज्याची नोकरी, त्यालाही दार ठेवले आहे. मग जमिनीवरच्या माणसाने आपण कोंडलो आहोत असे का समजावे?

दार आहे, पण उंबरठाही आहे. नेमणूकपत्र पुन्हा वाचा. नोटिशीची मुदत किती, बाँड आहे का, पाहा. बाँड म्हणजे नुसता कागद, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षांची मुदत पुरी होण्याआधी नोकरी सोडली आणि दोन लाख रुपये भरले. ती अट योग्यच होती, असा निकाल 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हा रक्कम आधी मोजा. न सांगता गैरहजर राहू नका. राजीनामा लेखी द्या आणि मुक्ततेचे पत्र घ्या. आणि लवकर निघणाऱ्याची एक सोय विसरू नका. आधीची जागा कदाचित अजून भरलेली नसते, नाकारलेले दुसरे बोलावणेही कधी कधी जिवंत असते. विचारायला लाज कसली?

शेवटचे दोन शब्द वडीलधाऱ्यांसाठी. मुलगा किंवा मुलगी आठव्या दिवशी उतरलेला चेहरा घेऊन घरी आली, तर ‘लोक काय म्हणतील’ हे आधी विचारू नका. ‘काय झाले’ एवढे विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. मच्छीमाराचे पोर पहिल्यांदा बोटीत ओकले म्हणून बाप त्याला माघारी आणीत नसे. पण तळाशी पाणी दिसू लागल्यावर, ‘बस गुपचूप’ असेही म्हणत नसे. आधी खाली वाकून फळी पाहत असे.

तेवढे आपण पाहू या.