पिष्टाचें प्लॅस्टिक आणि सेल्युलोजचा दोरा

भाताच्या पेजेचा ओघळ भांड्याच्या कांठावर वाळला, म्हणजे त्याचा पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. वांकवूं गेलें कीं तो मोडतो आणि पाण्याचा थेंब पडतांच चिकट होतो. पिष्टापासून प्लॅस्टिक करणाऱ्या रसायनज्ञांची बहुतेक अडचण या पापुद्र्यांत सांठलेली आहे, असें म्हटलें तरी चालेल.

पिष्टांत पाणी व ग्लिसरीन घालून तें उष्णतेनें व दाबानें मळलें, तर त्याचे कण फुटून साच्यांत घालण्याजोगा लवचिक पदार्थ होतो. मातींतील सूक्ष्म जंतु तो खाऊन टाकतात, ही त्याची थोरवी. परंतु ग्लिसरीन वाढवावें तर ताकद जाते, कमी करावें तर ठिसूळपणा येतो. शिवाय दिवस लोटले कीं पिष्टाचे रेणु पुन्हां जुळूं लागून तो कडक होतो. शिळा भात टणक होतो तो याच कारणानें.

ग्रेनोबल येथील आलँ द्युफ्रेन व मिशेल व्हिन्यों या फ्रेंच संशोधकांनीं १९९८ सालीं एक घरगुती वाटावा असा उपाय प्रसिद्ध केला. बटाट्याचें पिष्ट काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यांतील सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतु त्यांनीं बटाट्याच्याच पिष्टांत मिसळले. पापुद्रा अधिक ताठ झाला आणि पाणीहि कमी शोषूं लागला. मातीच्या भिंतींत गवताचा भुसा घालतात, त्यांतलाच हा प्रकार. पण येथें नातें अधिक जवळचें आहे. पिष्ट व सेल्युलोज हीं दोन्हीं ग्लुकोजचींच अपत्यें. दुवे जोडण्याची ढब तेवढी निराळी: पिष्टाची सांखळी मळसूत्री किंवा फांद्यांची, सेल्युलोजची सरळ. सरळ सांखळ्या एकमेकींस बिलगून त्यांचा घट्ट जुडगा बनतो. म्हणून एकाचा भात होतो, दुसऱ्याचा कापूस. या सजातीयपणामुळें तंतु पिष्टाला चांगले धरून राहतात, आणि एकमेकांत गुंतून आंत जाळेंहि विणतात.

तंतु सुटे करणें हेंच खरें कष्टाचें काम. टर्बाक, स्नायडर व सँडबर्ग या अमेरिकन त्रयीनें दूध एकजीव करण्याच्या यंत्रांतून लाकडाचा लगदा मोठ्या दाबानें पुन्हां पुन्हां काढला. त्यांची कृति १९८३ सालीं प्रसिद्ध झाली. तिला वीज फार लागे. पुढें २००६ सालीं टोकियो विद्यापीठांतील सायतो व इसोगाई यांनीं रासायनिक क्रियेनें तंतूंवर ऋण विद्युद्भार आणला. मग तंतु आपण होऊन एकमेकांस दूर लोटूं लागले आणि थोड्या घुसळण्यानें सुटे झाले. त्यांची जाडी सुमारें ३ ते ४ नॅनोमीटर. असे १० लक्ष नॅनोमीटर म्हणजे एक मिलिमीटर. मुंबईस माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनेंहि कापसापासून असें सेल्युलोज काढण्याचा प्रायोगिक कारखाना उभारला.

एवढ्यानें मार्ग मोकळा झाला, असें मात्र नव्हे. तंतु हातीं येतात ते खळीसारख्या लपक्याच्या रूपानें, ज्यांत बहुतेक पाणीच असतें. वाळवावे तर ते पुन्हां चिकटून बसतात. न वाळवावे तर पाण्याचेंच भाडें भरावें लागतें. आणि सेल्युलोजलाहि पाण्याचें वावडें नाहीं. कोरडा जिन्नस बांधावयास हें प्लॅस्टिक बरें. रस्सा भरून ठेवावयाचा तर त्याला आंतून निराळा लेप द्यावा लागतो, आणि तो लेपहि मातींत कुजणारा असावा लागतो.