तिसऱ्या दिवसाचं क्रिएटिनीन



आजपासून तुम्ही डॉक्टर. कुणी दुबईत, कुणी अल ऐनला, कुणी पुण्या-कोल्हापुरात रात्रपाळीला उभं राहील. अँजिओप्लास्टीच्या वेळी रुग्णाचं मूत्रपिंड कसं जपायचं, एवढंच मी बोलणार आहे. कारण हे काम कॅथलॅबच्या दाराबाहेर सुरू होतं, आणि तिथे तुम्ही असता.

1977 साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी केली. तेव्हापासून फुगे बदलले, स्टेंट आले, पण धमनी पडद्यावर दिसण्यासाठी आयोडीनचा डाय आजही सोडावा लागतो. तो शरीराबाहेर पडतो मुख्यतः मूत्रपिंडातून. मूत्रपिंडाच्या आतल्या भागाला मुळात प्राणवायू कमी. डायमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यात शरीर कोरडं असेल तर डाय नलिकांत रेंगाळतो आणि मूत्रपिंडाला इजा करू शकतो.

इथे अमिरातीत शरीर कोरडं पडायला वेळ लागत नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे. पण सकाळची दहाची वेळही इथे भाजून काढते. दुबईतल्या सोनापूरच्या कामगार वस्तीतून छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला विचारा: आज पाणी किती प्यायलात? पाठदुखीसाठी कोणती गोळी घेता? रोजा आहे का? मधुमेह आहे का? ठरवून केलेल्या तपासणीआधी 'रात्रीपासून काही नको' असं सवयीने लिहू नका. बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं.

क्रिएटिनीनच्या नुसत्या आकड्यावर विसंबू नका. 1.3 आकडा पंचविशीच्या तरुणात जवळपास ठीक असतो, ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, 78 च्या आसपास येतो. सत्तरीच्या आजींचा त्याच आकड्यावर येतो 44. ढोबळ नियम असा, की डायचे मिलिलिटर ईजीएफआरच्या तिपटीपलीकडे जाऊ नयेत. म्हणजे आजींसाठी साधारण 130. हा हिशोब कागदावर मांडून आत जाणाऱ्या डॉक्टरांना सांगा. नवशिक्या आहात म्हणून संकोच करू नका.

मूत्रपिंड जपण्यासाठी औषधांच्या मोहात पडू नका. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिझर्व्ह चाचणीत सुमारे 5,000 रुग्णांवर सोडाबायकार्ब आणि अ‍ॅसिटिलसिस्टीन वापरून पाहिलं. सोडाबायकार्बचा साध्या सलाइनपेक्षा, किंवा अ‍ॅसिटिलसिस्टीनचा बिनऔषधी गोळीपेक्षा, काडीचाही जास्त फायदा दिसला नाही. सलाइनही अंदाजाने ओतायचं नाही, कमजोर हृदयाच्या रुग्णाच्या फुप्फुसात पाणी भरतं.

आणि एक गोष्ट मला फार लागते: मूत्रपिंड कमजोर आहे म्हणून ज्याला गरज आहे त्याची अँजिओग्राफीच टाळणं. मोठा हार्ट अटॅक आलेल्याला क्रिएटिनीनच्या रिपोर्टसाठी थांबवणं तर अक्षम्य. धमनी आधी उघडा, डाय कमी वापरा, मग मूत्रपिंडावर लक्ष ठेवा.

ते लक्ष ठेवणंच नेमकं निसटतं. मूत्रपिंड दुखावलं तर क्रिएटिनीन चढतं 48 ते 72 तासांत, आणि रुग्ण अनेकदा दुसऱ्याच दिवशी घरी जातो. जो वस्तीत परततो, ज्याची रजा संपलेली असते, तो तिसऱ्या दिवशी रक्त द्यायला येईल कसा? म्हणून धोका असलेल्यांच्या डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहा, ती हिंदीत, उर्दूत, मल्याळममध्ये, मराठीत समजावून सांगा, मुकादमाचा फोन नंबर घ्या, आणि रुग्ण आला नाही तर स्वतः फोन करा.