डावपेचांच्या सरावासाठी ॲप निवडताना

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि घरोघरी पट मांडले गेले. आता पालक विचारतात, सरावासाठी कोणतं ॲप घ्यावं?

आधी डावपेच म्हणजे काय, ते पाहू. पांढरा घोडा सी-सात या घरात येतो. ई-आठवरच्या काळ्या राजाला शह बसतो आणि त्याच वेळी ए-आठवरचा हत्तीही माऱ्यात सापडतो. घोडा मारता येत नसेल, तर राजा हलवावाच लागतो, हत्ती जातो. असे नमुने नजरेत बसावेत, यासाठी कोडी सोडवायची.

ॲप निवडताना तीन गोष्टी पाहा. कोडी विषयवार निवडता येतात का? चूक झाल्यावर बरोबर उत्तर तपासता येतं का? आणि फुकटात रोज किती कोडी मिळतात? लीचेस हे ॲप पूर्णपणे मोफत आहे. त्यावर जाहिराती नाहीत, कोड्यांना मर्यादा नाही आणि ते देणग्यांवर चालतं. त्यातली कोडी खऱ्या डावांतून घेतलेली असतात. चेस डॉट कॉमवर धडे भरपूर आहेत, पण मोफत खात्याला रोज मोजकीच कोडी मिळतात. म्हणून नवशिक्यांनी लीचेसपासूनच सुरुवात करावी.

घड्याळ लावून खेळायची कोडी मुलांना फार आवडतात, पण त्यात अंदाजाने चाल करायची सवय लागते. त्यापेक्षा रोज दहाच कोडी घ्या, प्रतिस्पर्ध्याचं उत्तर मनात पूर्ण पाहा आणि मगच मोहऱ्याला हात लावा.