घर तपासायचे कोणी?

गावात कुणाचा स्लॅब पडायचा असला म्हणजे सकाळपासून गडबड असते. मिक्सरची घरघर, घमेल्यांची रांग, गवंड्याची आरडाओरड आणि दुपारी सगळ्यांना जेवण. या गडबडीत एका गोष्टीकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. सकाळी जी सळई उघडी दिसत असते, ती संध्याकाळी कायमची झाकली जाते. ती बारा मिलिमीटरची होती की दहाची, वीतभर अंतरावर बांधली होती की हातभर, हे त्यानंतर नुसत्या डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही. पायाचेही तसेच. खड्डा बुजला की आत काय आहे ते जमिनीला ठाऊक. म्हणून घराची तपासणी ही वेळेवरच करायची गोष्ट आहे. वापसा निघून गेल्यावर पेरणी करण्यात जसा अर्थ नसतो, तसा स्लॅब पडल्यावर सळई मोजायला येण्यातही नसतो.

मग श्रोतेहो, प्रश्न असा, की त्या दिवशी, त्या वेळी, तपासायला यायचे कोणी?

मोठ्या शहरात निदान त्यासाठी एक खाते असते. लहान गावाची अडचण निराळी. वर्षाकाठी जिथे दहा-पंधराच घरे उठतात, तिथे पगारी इंजिनिअर ठेवणे परवडत नाही. बरे, एक माणूस ठेवूनही भागत नाही. पाया आणि सळई जाणणारा वेगळा, विजेची तारजोडणी जाणणारा वेगळा, नळ आणि सांडपाणी जाणणारा वेगळा. मग सभेत कुणीतरी म्हणतो, “बाजार-वसुलीचा मक्ता आपण देतो, कचऱ्याचा देतो, मग तपासणीचाही देऊन टाकू!” सूचना वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण ती जिथे खरोखर अंमलात आली, तिथले थोडे पाहून मग मत बनवावे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचे एक राज्य आहे. तिथे लहानमोठ्या मिळून अडीच हजारांवर स्थानिक संस्था आहेत. काही तर आपल्या एखाद्या वाडीएवढ्या. १९९९ साली त्या राज्याने बांधकामाचा एकच कायदा सगळीकडे लागू करण्याचे ठरवले आणि एप्रिल २००४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. गावांपुढे वाटा ठेवल्या त्या अशा : स्वतःचा तपासनीस नेमा, शेजारच्या गावांशी मिळून नेमा, नाहीतर राज्याने मान्यता दिलेल्या खाजगी संस्थेला मक्ता द्या. यांपैकी काहीच नको असेल तर कायद्यातून बाजूला राहा. मग घर बांधणाऱ्यानेच मान्यताप्राप्त संस्था गाठायची आणि तिचे पैसे भरायचे. नव्वद टक्क्यांहून अधिक गावांनी अंमलबजावणी आपल्या हाती घेतली आणि त्यांतल्या पुष्कळ लहान गावांनी खाजगी संस्थेची मदत घेतली.

आता हा मक्ता चालतो कसा? परवान्याची फी गावाची सभा ठरवते. अर्ज आला की संस्थेचा माणूस नकाशे तपासतो. घरासाठीच्या अर्जाचा निकाल पंधरा कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. पुढे पाया झाला की एकदा, सांगाडा उभा राहिला की एकदा, नळ आणि तारा भिंतीत झाकण्यापूर्वी एकदा, अशा ठरलेल्या टप्प्यांवर तपासणी होते. शेवटची तपासणी झाल्याशिवाय राहायला जाण्याचा दाखला मिळत नाही. तपासनिसाला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि मुदत संपली की ते नवे करून घ्यावे लागते. संस्थेला विमा उतरवावा लागतो. ज्या बांधकामात तिचा स्वतःचा पैशाचा संबंध असेल, ते तिला तपासता येत नाही. निकाल पटला नाही तर अपील ऐकायला जाणकारांचे मंडळ असते आणि त्यात गावाच्या कारभारी सभेच्या सभासदांना बसता येत नाही.

याचे फायदे उघड आहेत. काम असेल तेवढेच पैसे. वीस गावांत फिरणाऱ्या संस्थेकडे प्रत्येक विषयाचा जाणकार असतो. शिवाय तपासनीस गावचा नसल्यामुळे भावकी आणि निवडणूक त्याच्या आड येत नाही.

मग बिघडते कुठे? ते पाहण्यासाठी न्यूझीलंडकडे वळू. त्या देशाने १९९१ च्या बांधकाम कायद्याने खाजगी दाखलेदारांना परवानगी दिली. घर बांधणाऱ्याने नगर परिषदेकडे जावे किंवा आपल्या पसंतीच्या दाखलेदाराकडे जावे. म्हणजे परीक्षार्थीनेच परीक्षक निवडायचा आणि त्याची फीही भरायची! मी शिक्षक आहे. असा परीक्षक किती दिवस कडक राहील, हे मला कुणी शिकवायला नको. जो नापास करील त्याच्याकडे पुढच्या वर्षी कोण जाईल?

त्याच सुमारास तिथे छपराची पागोळी नसलेली, वरून सलग गिलाव्यासारखे आवरण चढवलेली घरे बांधण्याची टूम निघाली. भिंतीच्या सांगाड्यात औषध न लावलेले लाकूड वापरायलाही मोकळीक मिळाली. पावसाचे पाणी आत शिरले, ते बाहेर पडेना, आणि हजारो घरांचे लाकूड आतल्या आत कुजले. २००९ साली सरकारसाठी झालेल्या एका पाहणीत अशी घरे सुमारे ४२,००० आणि नुकसान सुमारे ११.३ अब्ज डॉलर, त्यांचे डॉलर, असा अंदाज निघाला. दोष एकट्या खाजगी दाखलेदारांचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. नगर परिषदांच्या पगारी तपासनिसांनीही तशीच घरे पास केली होती. पण पुढे भरपाईची वेळ आली तेव्हा दाखलेदारांचे विमे आटले, बांधणाऱ्यांच्या कंपन्या बंद झाल्या, आणि दावा लावण्याजोगी उरली ती नगर परिषद. तिच्याकडून निघालेला पैसा शेवटी कुणाचा? गावकऱ्यांच्या घरपट्टीचाच. २००४ च्या नव्या कायद्याने ती खाजगी दाखल्यांची पद्धत मोडीत निघाली.

या दोन देशांच्या गोष्टीतून मी एवढेच काढतो : तपासणीचे काम मक्त्याने देता येते, जबाबदारी मक्त्याने देता येत नाही. खाजगी माणूस की सरकारी, हा वाद दुय्यम आहे. तपासनिसाला निवडतो कोण, त्याला पैसे देतो कोण आणि तो वेळेवर आला की नाही हे पाहतो कोण, या तीन प्रश्नांत सगळे आले. निवड आणि पैसा गावाच्या हाती असेल तर मक्ता चालू शकतो. ते बांधणाऱ्याच्या हाती गेले की कुंपणच शेत खाऊ लागते.

हे आपल्यापासून दूरचे आहे, असे समजू नका. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. इमारत जेमतेम दहा वर्षांची होती. जो गुन्हा दाखल झाला त्यात बांधकाम करणारा, आर.सी.सी. सल्लागार, वास्तुविशारद आणि नगरपालिकेचे अधिकारी अशा सगळ्यांचा समावेश होता. दोष कुणाचा, हे ठरवणे न्यायालयाचे काम. आपण घ्यायचा धडा इतकाच, की कागदावर चार सह्या असल्या म्हणजे चार माणसांनी सळई पाहिली असे होत नाही. आपल्या राज्यात २०२० च्या डिसेंबरात बांधकामाची एकत्रित नियमावली आली. लहान भूखंडावरच्या साध्या घरासाठी तिने परवाना सोपा केला आणि परवानाधारक तज्ज्ञाच्या दाखल्यावर बरीच भिस्त ठेवली. सोय झाली हे खरे. पण त्या तज्ज्ञाला फी देतो घरमालकच. म्हणजे न्यूझीलंडचा प्रश्न आपल्याही दाराशी उभा आहे.

मग आपण काय करावे? पंचायतीने किंवा नगरपंचायतीने तपासणी बाहेर द्यायची झाली, तर ठरावात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. फी गावाच्या कचेरीत भरावी आणि तपासनिसाला पैसे कचेरीनेच द्यावेत. कोणते घर कोणी तपासायचे, हे घरमालकाने नव्हे, कचेरीने ठरवावे. प्रत्येक टप्प्याची तारीख, वेळ आणि सळई उघडी असतानाचा फोटो एका वहीत लागावा आणि ती वही कुणालाही पाहता यावी. आणि दहांतल्या एका घरी दुसऱ्याच जाणकाराने न सांगता जाऊन यावे. एकट्या गावाला हे जड जात असेल तर पाच गावांनी मिळून एक माणूस नेमावा. पेनसिल्व्हेनियातच, तिथल्या सरकारी विद्यापीठाच्या आसपासच्या गावांनी मिळून अशी एक सामाईक कचेरी चालवली आहे.

घर बांधणाऱ्या गृहस्थाला माझे सांगणे आणखी सोपे आहे. मिक्सर आणि माणसे सांगून ठेवण्याआधी तपासनिसाची वेळ घ्या. तो आला नाही तर एक दिवस थांबा. माणसांची मजुरी अंगावर पडेल, ती सोसा. आणि शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेची नवी खोली जेव्हा उठेल, तेव्हा तिचा ठेका कुणाचाही असो, स्लॅबच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी एकच विचारावे, “सळई कोणी पाहिली? त्याचे नाव वहीत कुठे आहे?” उत्तर मिळेपर्यंत काम थांबवण्याची विनंती लेखी द्यावी. त्या छपराखाली उद्या दुसऱ्यांची मुले बसणार आहेत, आणि ती तुमच्या भरवशावर बसणार आहेत.