दुचाकी-प्रशिक्षण आणि हेल्मेट : देणगीचा पहिला रुपया



जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन विश्वविक्रम झाला. वऱ्हाडास त्याचा सार्थ अभिमान आहे; परंतु चांगल्या रस्त्यावर वेगही वाढतो. त्याच वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जीव गेले, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरील होते.

दुचाकी-प्रशिक्षणासाठी निधी द्यावा काय, अशी विचारणा काही दात्यांनी केली. मी वाणिज्य शाखेचा. खर्चासमोर फलित मांडणे ही माझी सवय. कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात २३ अभ्यास तपासले गेले; प्रशिक्षणाने अपघात घटतात, असा खात्रीलायक पुरावा त्यांत आढळला नाही. याच संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार मात्र हेल्मेटमुळे अपघातग्रस्त चालकाच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो.

प्रशिक्षण निरर्थक आहे, असे माझे म्हणणे नाही. तथापि देणगीचा पहिला रुपया हेल्मेटसाठी खर्च व्हावा, ही नम्र विनंती. ‘हेल्मेट घरी खुंटीलाच राहिले’ हे पालकांचे शब्द अपघात विभागाबाहेर पुन्हा ऐकावे लागू नयेत.