गोळी सोडली, पुढें काय ?

(ऊसतोडीला निघणाऱ्या भगिनींच्या सभेंत आम्हीं केलेलें भाषण)

भगिनींनो आणि मागें दाराशीं उभे असलेल्या बंधूंनो,

प्रथम बंधूंना विनंति कीं, त्यांनीं आंत येऊन बसावें. विषय बायकांचा म्हणून तुम्ही दाराशीं थांबलां आहां. पण मूल एकट्या बाईला होत नाहीं, तेव्हां हा विषयहि तिच्या एकटीचा नाहीं.

गेल्या हंगामांत फडावर आम्हांस एक बाई भेटली. पदरीं तीन लेकरें. गांवाहून निघतांना आशाताईनें तिला माला-एन गोळ्यांचीं दोन पाकिटें दिलीं होतीं. डोकें दुखूं लागलें म्हणून तिनें पहिलेंच पाकीट अर्ध्यावर टाकून दिलें. "आधीं अंगांतली गोळी निघूं दे, पाळी येऊं दे, मग दुसरें कांहीं पाहूं," असें जावेनें सांगितलें. पाळी आलीच नाहीं. चौथें मूल पोटांत घेऊन ती डोक्यावर मोळ्या वाहात होती. तिला आम्ही दोष देत नाहीं. गोळी कशी घ्यावी हें सांगणारें तिला भेटलें. गोळी सोडतांना काय करावें हें सांगणारें भेटलें नाहीं. आजचें आमचें बोलणें तेवढ्यासाठींच आहे.

गोळी अंगांत सांठून राहात नाहीं. ती बंद केली कीं गर्भ राहण्याची शक्ति थोड्याच दिवसांत परत येते. अंगाला 'विसावा' देण्याची गरज नाहीं, आणि पाळीची वाट पाहण्याचेंहि कारण नाहीं. म्हणून जुना उपाय सुटण्याआधीं नवा धरावा. नदी उतरतांना पुढचा पाय टेकल्यावांचून मागचा कोणी उचलतो काय ?

गोळी सोडूंच नका असें आम्ही म्हणत नाहीं. रक्तदाब वाढला असेल, वय पस्तिशीपुढें असून विडीची संवय असेल, डोळ्यांपुढें काजवे चमकून अर्धें डोकें दुखत असेल, तर माला-एन नको. सहा महिन्यांच्या आंतलें मूल अंगावर पीत असेल तरीहि नको. पोटरी सुजून दुखूं लागली किंवा छातींत कळ आली तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. क्षयाचें औषध चालू असेल तर गोळीचा भरंवसा राहात नाहीं, हें डॉक्टरांस सांगावें.

आतां दुसरे उपाय पाहूं. सहा महिने पालावर राहणाऱ्या बाईस तांबी पुष्कळ सोयीची. पोटीं गर्भ नाहीं अशी खात्री झाली कीं ती केव्हांहि बसवितां येते, आणि बसविल्यापासूनच काम करते. एक जात १० वर्षें टिकते, दुसरी ५ वर्षें. मूल हवें झालें कीं काढून घ्यावी. ती काळजापर्यंत चढते ही निव्वळ भीति आहे; ती गर्भाशयांत बसते. परंतु पहिले कांहीं महिने अंगावरून जास्त जातें व पोट दुखतें, म्हणून जिच्या अंगांत रक्त कमी आहे तिनें आधीं तपासून घ्यावें.

दुसरें 'अंतरा' नांवाचें इंजेक्शन, दर ३ महिन्यांनीं. त्यानें पाळी अनियमित होते, कधीं बंदहि होते. तो रोग नव्हे. मात्र तें सोडल्यावर दिवस राहण्यास ७ ते १० महिने लागूं शकतात. पुढची तारीख फडावर असतांना येईल. म्हणून कार्ड बरोबर न्यावें व कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यांत टोंचून घ्यावें. तिसरी 'छाया' गोळी, लखनौच्या सरकारी संशोधनशाळेंत शोधलेली. पहिले ३ महिने आठवड्यांतून दोनदां, पुढें एकदां. अंगावर पाजणारीसहि ती चालते. चौथा उपाय निरोध. रोगापासूनहि वांचविणारा तेवढा एकच. तो चुकला तर तीन दिवसांच्या आंत, जितकी लवकर तितकी बरी, तांतडीची गोळी घ्यावी. पण तिला रोजचा उपाय करूं नये.

आतां बंधूंनो, तुमचा हिशेब. २०१९-२१ च्या सरकारी पाहणींत देशांतील शंभर विवाहित स्त्रियांपैकीं जवळजवळ ३८ जणींनीं शस्त्रक्रिया करून घेतलेली होती. ज्यांच्या नवऱ्यांनीं करून घेतली अशा हजारांत तीनच होत्या! आणि पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया बाईच्या शस्त्रक्रियेहून सोपी. तिनें ताकद जात नाहीं. फक्त ३ महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यावें. १९७६ सालीं सरकारनें सक्ति केली, तिची धास्ती अजून मनांत आहे हें आम्ही जाणतों. सक्ति वाईटच होती. पण नवऱ्यानें बायकोवर केलेली सक्ति चांगली कशी ?

हा विषय नवा नाहीं. १९२१ सालीं र. धों. कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. १९३८ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पक्षानें मुंबईच्या कायदेमंडळांत संततिनियमनाचा ठराव आणला. तो नापास झाला. आज हे उपाय सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. त्यांना नवऱ्याच्या सहीची जरूर नाहीं. मग अज्ञानापायीं आम्ही कां नाडलें जावें ?

भगिनींनो, उचल घेतांना तुम्ही नोटा दोनदां मोजतां. तसाच हा हिशेब करा. टोळी निघण्याआधीं एक दिवस काढून दवाखान्यांत जा. किती दिवस मूल नको, अंगावर किती जातें, दुखणें कोणतें, हें न लाजतां सांगा, आणि पुढचा उपाय हातीं आल्यावरच गोळी सोडा. अमुकच घ्या असें कोणी दटावलें तर "मला चारही सांगा, मी निवडतें" असें म्हणा. शरीर तुमचें आहे. निवडहि तुमचीच असली पाहिजे.